वल्द, भ्रतार, कूळ

जमिनीच्या जुन्या कागदांचं मला फार वर्षांचं वेड आहे. सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात फेरफाराचा क्रमांक दिसला, की तो फेर काढून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात मयताचं नाव असतं, वारसांची यादी असते, एखाद्या बहिणीचं हक्कसोड असतं. त्या चार ओळींत एका घराची अख्खी घडामोड मावलेली असते. बीड जिल्ह्यात असं वेड एखाद्या हौशी माणसाला नाहीतर एखाद्या जुन्या वकिलालाच असायचं. २०२३ साली मात्र पणजोबाचा कागद शोधणं हे इथलं घरोघरचं काम झालं.

निमित्त सर्वांना ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्ट २०२३ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि ७ सप्टेंबरला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची ‘कुणबी’ अशी नोंद निजामकालीन कागदांत कुठे आहे, हे तिला शोधायचं होतं. आरक्षणाचा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर, दोन्हीकडे चालू आहे. तो इथे सोडवायचा नाही. मला बोलायचं आहे ते त्या निमित्ताने उघडलेल्या दफ्तरांबद्दल.

कोणकोणते कागद तपासायचे, याची जी यादी सरकारने जिल्ह्यांना दिली, ती कुटुंबाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कुणीही जपून ठेवावी. महसुलाचं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळांची नोंदवही आणि १९५१चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. भूमी अभिलेखचं पक्का बुक, शेतवार पत्रक, वसुली बाकी आणि क्लासर रजिस्टर. निबंधकाकडची खरेदीखतं, इसार पावत्या, ठोकापत्रकं, बटईपत्रकं, दत्तकविधानं आणि मृत्युपत्रं. गाव नमुना १४चं जन्म-मृत्यू रजिस्टर, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. त्यापुढे तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं रजिस्टर, पोलिसांचे अटक पंचनामे आणि उत्पादन शुल्क खात्याची ताडीची नोंदवही. माणूस सरकारच्या हाताखालून कुठे कुठे गेला, याचा इतका संपूर्ण नकाशा मी दुसरीकडे एका जागी पाहिलेला नाही.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस आकडा जाहीर झाला. मराठवाड्यात १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या, त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. म्हणजे साधारण दीड हजार नोंदी पाहाव्यात तेव्हा हवी असलेली एक सापडे. ती स्कॅन झाली, गाववार याद्यांत आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गेली. बाकीच्यांवरून डोळा फिरला आणि पान मिटलं. या मिटलेल्या पानांत मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा इतिहास आहे, आणि तो वाचायची एवढी मोठी संधी याआधी आली नव्हती. आपण एका रकान्यातला एक शब्द शोधला आणि बाकीचे रकाने सोडून दिले, याची मला खंत आहे.

दफ्तराची घडण समजल्याशिवाय मागे जाता येत नाही. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ साली जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत विभागला, देशमुख-देशपांड्यांच्या हातातली वसुली काढून त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख हक्क, बांधून दिला, आणि सरकार थेट रयतेकडून सारा घेऊ लागलं. त्यानंतर मोजणी आणि बंदोबस्त झाला, आणि शेताला सर्व्हे नंबर व शेतकऱ्याला पट्टा मिळाला. गावात पटवारी मोडीत लिहायचा, वरच्या कचेरीचा कारभार आधी फारसीत आणि पुढे उर्दूत. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. महिने आजूर, दै, बहमन. सारा निजामाच्या हाली शिक्क्यात, इंग्रजी कलदार रुपयांत नव्हे. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर, १९५४-५५ साली जी खासरा पाहणी झाली, ती आजच्या सातबाऱ्याची मराठवाड्यातली आजी.

सातबाऱ्यावरून मागे जायची वाट ठरलेली आहे. आजचा गट नंबर घ्यायचा. एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४)च्या उताऱ्यावरून त्याचा जुना सर्व्हे नंबर काढायचा. त्या नंबरावर खासरा, आणि खासऱ्यावरून शेतवार. या वाटेवर माणसाच्या नावापेक्षा जमिनीवर भरवसा ठेवावा लागतो. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतं. ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एका पानावरचा ‘राणोजी वल्द सटवाजी’ दुसऱ्या पानावर ‘सटवाजी वल्द राणोजी’ होऊन येतो आणि तिसऱ्यावर पुन्हा राणोजी. पिढ्या मोजताना हमखास एक गळते किंवा एक वाढते. नंबर, क्षेत्र, आकार आणि बांधाला बांध असलेले शेजारी जुळले, तरच तो आपला राणोजी.

अमेरिकेत व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या वसाहतकालीन घराण्यांचा माग काढणारे संशोधक मृत्युपत्रापासून सुरुवात करतात. बापाने मरताना थोरल्याला शेत दिलं, धाकट्याला अवजारं दिली, मुलीला अंथरूण-पांघरूण आणि दुभतं जनावर दिलं, आणि व्हर्जिनियात तर गुलाम केलेली माणसंसुद्धा नावानिशी वाटून दिली. एका कागदात सगळं कुटुंब उभं राहतं. आपल्याकडच्या जुन्या कागदांच्या रुमालांत मृत्युपत्र क्वचितच हाताला लागतं. याचं कारण बीडपासून फार लांब नाही. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याणीला म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्याप्रमाणे वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो. जे बापाचं एकट्याचं नाहीच, ते तो मरताना कुणाला लिहून देणार? घर एकत्र असेतो कागदावर एकच नाव, मागे ‘ए.कु.मॅ.’ अशी खूण, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळी त्या तीन अक्षरांत गडप.

आपल्याकडे घर कागदावर येतं ते मोडतं तेव्हाच. वाटणी झाली की वाटणीपत्र, मूल नसलं की दत्तकपत्र, भाऊबंदकी पेटली की दावा. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराचा माग काढणं सगळ्यांत अवघड. हे आजचं नाही. मराठेशाहीतल्या वतनाच्या कागदांत ते लख्ख दिसतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून जी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, त्यांतली आणि पुढच्या संशोधकांनी छापलेली असंख्य कागदपत्रं अशा तंट्यांचीच आहेत.

तंट्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पाटीलकी कोणाची, यावर दोन घराणी भांडू लागली की अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) दोघेही गोतसभेपुढे येत. सभेचा निवाडा मान्य करू, असे आधी राजीनामे लिहून द्यायचे, जामीन द्यायचे. मग प्रत्येकाने आपला करीना सांगायचा. करीना म्हणजे घराण्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला स्वतःचा इतिहास. गाव ओसाड होतं तेव्हा आमचा मूळ पुरुष इथे आला, त्याने गावकुसाला पहिला दगड लावला. त्याला दोन बायका, थोरलीचे हे, धाकटीचे ते. दुष्काळात आमचा आजा देशोधडीला लागला, जाताना वतन मुतालिकाच्या, म्हणजे कारभाऱ्याच्या, हाती सोपवून गेला, तो मुतालिक मालक होऊन बसला. समोरचा उठून तेच गाव, तोच दुष्काळ आणि तोच मूळ पुरुष सांगतो, फक्त मालक आणि मुतालिक यांची अदलाबदल करतो. मग गोही, म्हणजे साक्षीदार. त्यांत गावचे बलुतेदार असत आणि त्यांच्या शब्दाला वजन असे. साक्षीने भागलं नाही तर थळ, म्हणजे निवाड्याची जागा, बदलून पैठणसारख्या क्षेत्री जायचं, तिथेही भागलं नाही तर दिव्य. जिंकणाऱ्याला महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, आणि त्याच्याकडून हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची भेट. हरणाऱ्याने यजितखत, म्हणजे हरल्याची कबुली, लिहून द्यायचं आणि वर गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायची.

करिन्यात खोटं असतं, हे उघड आहे. तरीही वंशावळीचा त्याहून चांगला कागद मला माहीत नाही. यजमानाच्या वह्या बाळगणारा तीर्थोपाध्याय जे सांगितलं ते लिहितो, भाट आवडेल ते गातो, पण करिन्याच्या प्रत्येक वाक्यावर टपून बसलेला प्रतिपक्ष असतो. तो मूळ पुरुषावर वाद घालत नाही, तेव्हा मूळ पुरुष खरा धरता येतो. वाद जिथे सुरू होतो, ती पिढी बारकाईने तपासायची. वंशावळ शोधणाऱ्याने दोन्ही बाजूंचे करीने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. बीडच्या माणसाला यासाठी दोन शहरांकडे पाहावं लागतं. मराठे आणि निजाम यांच्यातली राक्षसभुवनची १७६३ची लढाई याच जिल्ह्यातली. राज्य निजामाचं, पण चौथ-सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांचा, त्यामुळे इथले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरातही निघू शकतात आणि हैदराबादच्या पुराभिलेखागारातही. तिथे तर शाहजहान-औरंगजेबाच्या काळातल्या दख्खनच्या कागदांचा मोठा साठा आहे. शिंदे समितीलाही हैदराबाद गाठावं लागलं ते उगीच नव्हे.

जुने करीने मूळ पुरुषाच्या हकिकतीत दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव घेतात. बीडच्या दफ्तरातला तसा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००चा, फसली १३०९. जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ला सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ला ती ४ लाख ९२ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा माणूस नाहीसा झाला, काही मेला, काही गाव सोडून गेला. वंशावळी जुळवताना पणजोबाच्या मागे एकदम अंधार होतो, तो पुष्कळदा इथेच. त्याआधीच्या पट्टेदाराचं नाव पुढच्या कागदात येत नाही, नंबर पडीक दिसतो, मग नवंच नाव उगवतं. ते नाव जावयाचं असेल, सावकाराचं असेल, परतून आलेल्या पुतण्याचं असेल. ‘आमच्याकडे पुरावाच नाही’ असं म्हणत तहसीलमधून परतणाऱ्या कित्येकांचा पुरावा कारकुनाने हरवलेला नाही, तो या दोन दुष्काळी सालांनी पुसला आहे. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मानला, आणि कागद नसणाऱ्याला १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीच्या रहिवासाचं प्रतिज्ञापत्र देण्याची, गावपातळीवरच्या समितीने चौकशी करण्याची वाट ठेवली. त्या तरतुदीवर मतं वेगळी असू शकतात. पण भूमिहीन, बटाईदार आणि दुष्काळात उठलेली घरं कागदावर टिकत नाहीत, हे वास्तव तिने मान्य केलं आहे.

आता खासऱ्याचं एखादं पान समोर धरू. डावीकडे सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. मग पट्टेदार. त्याच्या पुढे वेगळ्या रकान्यात प्रत्यक्ष कसणारा. नजर पट्टेदारावर थांबते, कारण जातीचा दाखला त्याच्या वंशजाला मिळायचा असतो. पण कुटुंबाची गोष्ट सुरू होते ती त्याच्या आजूबाजूला. ‘वल्द’ने बाप कळतो. ‘भ्र.’ दिसलं की ती भ्रताराच्या नावाने लावलेली बाई, बहुधा विधवा, आणि ती पट्टेदार आहे म्हणजे त्या घरात त्या घडीला कर्ता पुरुष उरला नव्हता. ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई, दिसलं की वारस लहान होता आणि आईने त्याच्या वतीने रान सांभाळलं. पोरगं सज्ञान झाल्यावरच्या फेरात तिचं नाव कमी होतं. किती बायकांनी दहा-दहा, बारा-बारा वर्षं शेती राखली, हे वंशवृक्षात येणार नाही. रक्तनात्याची सरकारी वंशावळ बापाकडूनच वर जाते. मुलींची नावं वारसात नियमाने दिसू लागतात ती बरीच अलीकडे, १९५६च्या वारसा कायद्यानंतर आणि खरी १९९४च्या दुरुस्तीनंतर, आणि पुष्कळदा लगोलग हक्कसोड होऊन कंसात जातात.

कसणाऱ्याच्या रकान्यातलं नाव तर कुणीच उतरवून घेत नाही. तिथे आसामी शिकमी, म्हणजे पट्टेदाराखालचं कूळ आहे, बटाईदार आहे, १९५०च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने संरक्षण मिळालेलं कूळ आहे. पुढच्या साली त्याचं नाव गायब झालेलं असतं. कायदा आला आणि मालकाने रान काढून घेतलं, की पुढे त्या कसणाऱ्याच्या मुलांनी ऊसतोडीची वाट धरली, हे त्या पानावर लिहिलेलं नसतं. पण तो तिथे होता, त्या नंबरात नांगर धरून होता, याचा तो पुष्कळदा एकमेव सरकारी पुरावा आहे. हाडकी-हाडोळा या वतनी जमिनींच्या नोंदीही अशाच, महार वतनदारांच्या कित्येक पिढ्या त्यांत आहेत. ज्यांच्याकडे पट्टा होता त्यांचे पूर्वज पहिल्या रकान्यात सापडले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे दुसऱ्याच्या पानावर सापडतील, आणि त्या पानाला हात लावायचं त्यांना कारणच पडत नाही.

म्हणून माझं मागणं आहे, की सापडलेल्या नोंदीचं पानच नव्हे, तर प्रत्येक गावाचं अख्खं पुस्तक स्कॅन व्हावं, आणि नावांची सूची करताना पट्टेदार, कसणारा, पालनकर्ती, बांधाचा शेजारी, सगळे रकाने घ्यावेत. २०२३च्या धावपळीत मोडी आणि उर्दू वाचणारे शोधत फिरावं लागलं; मराठवाड्यातल्या प्रत्येक अभिलेख कक्षात असा माणूस कायम नोकरीवर असला पाहिजे. तोवर वाचकांनी एक करावं. पणजोबाच्या पानाची नक्कल हातात आली की आपलं नाव शोधून ती घडी घालू नका. पुढच्या रकान्यातलं कुळाचं नाव वेगळ्या कागदावर लिहा, गावात त्या घरचं कोण आहे ते विचारा, आणि सर्व्हे नंबर व साल यांसह तो कागद त्यांच्या हाती द्या.