बरे वाटणे आणि बरे होणे

सप्टेंबरच्या पूर्वार्धात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावकडे जाणारे रस्ते भाविकांनी फुलतात. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिन. त्याच्या आसपास येथील संत तेरेजा चर्चच्या परिसरात मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिक कुटुंबे येतातच, पण नवस बोलायला आणि फेडायला इतर धर्मांचे लोकही येतात. त्यात आजारपणाचे गाऱ्हाणे असतेच: गुडघे धरलेत, मूल होत नाही, पोराला फिट येतात. दर्शन घेऊन ‘आता बरे वाटतेय’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो.

अशा बरे वाटण्यामागे शरीरात खरोखर काही घडते. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचा १९७८चा एक अमेरिकी प्रयोग प्रसिद्ध आहे. औषध नसलेले नुसते द्रावण टोचूनही काहींची ठणक कमी झाली. मग त्यांना अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखणारे नालोक्सोन दिले, तेव्हा ठणक पुन्हा वाढली. म्हणजे आराम पडेल या अपेक्षेने मेंदूने स्वतःचेच वेदनाशामक सोडले होते. गर्दीतल्या सोबतीचाही हातभार लागतो. अलाहाबादच्या माघ मेळ्यातील ४१६ कल्पवाशांची तुलना गावीच राहिलेल्या १२७ जणांशी करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडाक्याची थंडी, गोंगाट, रेतीवरचा मुक्काम असे सगळे सोसूनही परतल्यानंतर कल्पवाशांनी आपली तब्येत आधीपेक्षा बरी असल्याचे सांगितले. घरी राहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही.

पण हे सांगणे त्यांचे स्वतःचे होते, रक्ततपासणीचे नव्हे. २००१ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी ११४ चाचण्या एकत्र तपासल्या. औषध नसलेल्या गोळीने वेदनेत थोडा उतार पडतो, मात्र यंत्राने किंवा तपासणीने मोजता येणाऱ्या गोष्टींत ठळक फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. गाठ, जंतू, रक्तातली साखर यांना आपली अपेक्षा कळत नाही.

खुद्द कॅथलिक चर्चही याबाबत सावध असते. फ्रान्समधील लूर्द येथे १८८३पासून डॉक्टरांचे कार्यालय दावे तपासते. आजार गंभीर हवा, गुण अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवा, आणि उपचारांनी तो आला असे म्हणता येऊ नये, अशी कसोटी असते. सुमारे सात हजार दाव्यांपैकी चमत्कार म्हणून मान्य झाले ते सत्तरच्या आसपास. जिला १८५८ मध्ये तेथे मारियेचे दर्शन झाल्याचे मानतात, ती बर्नाडेट दम्याने आणि क्षयाने खंगून १८७९ मध्ये पस्तिसाव्या वर्षीच गेली.

हरेगावहून परतणाऱ्यांसाठी धोका नेमका इथे आहे. क्षयाची औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला उतरतो, ताप जातो, भूक लागते. त्याच सुमारास यात्रा झाली तर गुण कशाचा, हे घरच्यांना ठरवता येत नाही. मग गोळ्या बंद होतात. जंतू मात्र फुप्फुसात शिल्लक असतात, आणि पुन्हा वाढताना औषधाला दाद न देणारेही होऊ शकतात. म्हणून कोर्स साधारण सहा महिन्यांचा. फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर न थांबणारा झटका येऊन जीवावर बेतू शकते. नवस फेडताना गोळी सोडण्याची अट कुणी घातलेली नसते. ती माणूस मनानेच घालून घेतो.

पायी निघणाऱ्या मधुमेहींनी आणखी एक पाहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी मैलोन्मैल चालले, तर घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खावा आणि सावलीत बसावे. उपवास धरायचा असेल तर डोस किती, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. इन्सुलिनची बाटली उन्हात तापलेल्या जीपमध्ये ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ती जवळ बाळगावी.