इंडियमच्या मण्याची साठ वर्षे

१९६३ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिषदेत पर्किन-एल्मर कंपनीने एक नवे उपकरण लोकांपुढे आणले. वॉटसन आणि ओ'नील या दोघांची ती कल्पना होती आणि १९६४ मध्ये त्यांच्या चमूने ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’त तिचे शास्त्र मांडले. उपकरणाचे नाव डिफरन्शिअल स्कॅनिंग कॅलरीमीटर. आज प्लास्टिकवाल्यांपासून औषधवाल्यांपर्यंत सगळे त्याला नुसते डीएससी म्हणतात.

त्याआधी जे होते त्याला डीटीए म्हणत. रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९९ मध्ये थर्मोकपल उलटसुलट जोडून नमुना आणि संदर्भ यांच्या तापमानांतला फरक मोजायची युक्ती काढली, तिथपासूनची ती परंपरा. कुठे काहीतरी घडते आहे हे डीटीए चोख सांगे. मात्र त्यात उष्णता किती गेली, हे विचारले की उत्तर डळमळे, कारण शिखराचे क्षेत्रफळ भुकटी किती दाबून भरली आहे यावरही ठरत असे. नव्या उपकरणात दोन चिमुकल्या वाट्या होत्या आणि प्रत्येकीला स्वतःचा प्लॅटिनमचा हीटर होता. दोन्ही वाट्या सतत एकाच तापमानाला ठेवायच्या. नमुना वितळू लागला की त्याच्या वाटीला जास्तीची वीज द्यावी लागते. तेवढी वीज मोजली की उष्णता हातात येते.

कागदावर हे इतके स्वच्छ होते की कॅलिब्रेशन ही एका सकाळची गोष्ट वाटावी. एक धातू वितळवायचा, एक गुणक काढायचा, आणि तोच सगळ्या तापमानांना लावायचा. तो धातू म्हणजे इंडियम. निवड उत्तम होती आणि अजूनही ती बदलावी असे मला वाटत नाही. इंडियम अतिशुद्ध मिळते, ब्लेडने कापता येते, ॲल्युमिनियमच्या पॅनला खात नाही आणि पुन्हा पुन्हा वितळवले तरी बिघडत नाही. काही मिलिग्रॅमचा मणी घ्यायचा, तो दाबून चपटा करायचा, कारण गोल थेंब पॅनला एका बिंदूवरच टेकतो. मग झाकण बसवून पॅन बंद करायचे. पहिली वितळ मोजायची नाही. ती धातूला पॅनच्या तळाशी नीट बसवण्यासाठी. दुसऱ्यांदा जे शिखर येते ते खरे.

शिखराचे क्षेत्रफळ काढायची त्या काळची पद्धत आजच्या मुलांना सांगितली की ती चकित होतात. रेकॉर्डरच्या कागदावर पेनाने आलेख उमटे. शिखराच्या पायाशी पट्टीने बेसलाइन आखायची, कात्रीने शिखर कापायचे आणि तो कागदाचा तुकडा रासायनिक तराजूत तोलायचा. कागद एकसारख्या जाडीचा, म्हणून वजन हेच क्षेत्रफळ. इंडियमचा कागद आणि नमुन्याचा कागद यांचे गुणोत्तर म्हणजे उत्तर. बेसलाइन कुठून कुठे आखली, यावर उत्तर हलते हे तो तुकडा हातात धरणाऱ्याला आपोआप कळत असे.

अडचणी हळूहळू वर आल्या. पहिली तापमानाची. शुद्ध धातू एकाच तापमानाला वितळतो, पण आलेखावर शिखर पसरट दिसते. मग वितळणांक कुठे वाचायचा? शिखराच्या टोकाशी वाचला तर तो नमुन्याच्या वजनाबरोबर सरकतो, कारण जास्त धातू वितळायला जास्त वेळ लागतो आणि तोवर भट्टीचे तापमान पुढे गेलेले असते. म्हणून चढत्या कडेला स्पर्शरेषा काढून ती बेसलाइनला जिथे मिळते तो बिंदू, म्हणजे ऑनसेट, घ्यायचा असे ठरले. पण ऑनसेटसुद्धा तापवण्याच्या वेगाबरोबर सरकतो. मिनिटाला ५ अंश आणि मिनिटाला २० अंश या दोन वेगांना तेच इंडियम वेगवेगळ्या ठिकाणी वितळताना दिसते. धातू तोच असतो. उष्णतेला सेन्सरपासून नमुन्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि त्या उशिराचा हिशेब यंत्र देत नाही. यंत्रातून येणाऱ्या आकड्यात पदार्थाचा वाटा असतो तसा यंत्राचाही असतो, आणि कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचा वाटा ओळखून बाजूला काढणे.

एका गुणकाची आशाही टिकली नाही. दुसऱ्या घराण्याची, म्हणजे हीट-फ्लक्स जातीची उपकरणे आली. त्यांत एकाच भट्टीत एका चकतीवर दोन पॅन ठेवतात आणि त्यांच्या तापमानांतल्या फरकावरून उष्णतेचा ओघ काढतात. तिथे संवेदनक्षमता तापमानाबरोबर बदलतेच. म्हणून इंडियमच्या जोडीला २३१.९ अंशाला वितळणारे कथील आले, ३२७.५ चे शिसे आले आणि ४१९.५ चे जस्त आले. जस्ताने स्वतःची डोकेदुखी आणली. ३८१ अंशांच्या आसपास जस्त आणि ॲल्युमिनियम मिळून वितळणारे मिश्रण तयार होते, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पॅनमधले जस्त एकदाच वापरून टाकून द्यावे लागते.

या सगळ्या मागोव्यात १९९० हे साल मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून नवी आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणी लागू झाली. इंडियमचा वितळणांक आधी १५६.६३४ अंश सेल्सिअस मानला जाई, तो १५६.५९८५ झाला आणि इंडियमला श्रेणीच्या अधिकृत स्थिर बिंदूंत जागा मिळाली. रोजच्या कामात अंशाच्या शंभराव्या हिश्शातल्या या फरकाने कोणाचे काही अडले नाही. पण त्याच वर्षी होने, कामेंगा, आयझेल, ग्मेलिन आणि हेमिंगर या जर्मन शास्त्रज्ञांच्या गटाने तापमान-कॅलिब्रेशनची शिफारस छापली, आणि तिने पद्धतच बदलली. वेगवेगळ्या वेगांना ऑनसेट मोजा, बिंदू जोडणारी रेषा शून्य वेगापर्यंत मागे न्या, आणि तिथे मिळणारे तापमान प्रमाण मूल्याशी ताडा. जिथे काहीच मोजता येत नाही अशा शून्य वेगाशी नाते जोडण्याची ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. कारण श्रेणीतला वितळणांक समतोलातला असतो आणि डीएससी समतोलात कधीच नसते.

उष्णतेच्या आकड्याचीही उलटतपासणी झाली. इंडियमची वितळण्याची उष्णता कित्येक वर्षे ग्रॅमला २८.४५ ज्यूल धरली जात होती. १९९४ च्या जर्मन शिफारशीत ती २८.६२ झाली. फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा. पॉलिथिनची स्फटिकता काढणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही, पण जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना कोणता गुणक वापरला होता हे लिहिलेले नसले तर तुलनेला अर्थ उरत नाही.

२००० मध्ये थंड करतानाच्या कॅलिब्रेशनचीही शिफारस आली. द्रव धातू वितळणांकाला लगेच गोठत नाही. इंडियम थोडे खाली जाऊन गोठते, कथील तर त्याहून कितीतरी खाली. म्हणून द्रवस्फटिकांकडे वळावे लागले, कारण त्यांची काही रूपांतरे जवळजवळ अतिशीतन न होता घडतात. विशिष्ट उष्णतेसाठी मात्र नीलमणी, म्हणजे कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकती, पहिल्यापासून ठाम उभी आहे. रिकामे पॅन, नीलमणी, नमुना असे तीन फेरे. २५ अंशांना ग्रॅममागे अंशाला ०.७७५ ज्यूल.

संगणक आल्यावर हे सगळे एका बटणामागे गेले. सोय मोठी झाली हे मान्यच आहे. पण ‘कॅलिब्रेशन यशस्वी’ एवढी ओळ पाहून पुढे जाणाऱ्या मुलांबद्दल मला खरी काळजी वाटते. ती ओळ एकाच वेगाची, एकाच वायूची, एकाच प्रकारच्या पॅनची असते. नायट्रोजनऐवजी हीलियम सोडला तर उष्णता वाहून नेण्याची रीतच बदलते आणि जुना गुणक निकामी होतो. म्हणून मी नेहमी सांगतो: कॅलिब्रेशन झाले की तेच इंडियम अनोळखी नमुना समजून पुन्हा चालवा, आणि वहीत वेग, वायू, पॅनचे वजन सारे लिहा.

२०१० मध्ये मेटलर-टोलेडोने फ्लॅश डीएससी बाजारात आणली. तीत सेकंदाला हजारो अंशांचा वेग मिळतो आणि वाटीच्या जागी सिलिकॉनची चिप असते. नमुना नॅनोग्रॅमच्या घरातला, त्यामुळे तो तराजूत तोलता येत नाही. त्याचे वजनच वितळण्याच्या ज्ञात उष्णतेवरून उलटे काढावे लागते, म्हणजे ज्याच्या आधारे उष्णता मोजायची तीच राशी आता उष्णतेवरून ठरते. तापमानासाठी सूक्ष्मदर्शकाखाली इंडियमचा कण कापून, बारीक केसाच्या टोकाने उचलून चिपच्या मध्यावर ठेवतात आणि वेगवेगळ्या वेगांना त्याचा ऑनसेट वाचतात.