पॅकेट आलं, जाग आली नाही
कर्नलच्या आत : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण लॉक पाहिलं. लॉक महाग पडतं, म्हणून कर्नलमधला नेटवर्किंगचा कोड जमेल तिथे ते टाळतो. पण लॉक टाळलं की एक जबाबदारी गळ्यात येऊन पडते : कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे स्वतःच सांभाळायचं. ती निसटली तर काय होतं, याचं एक खरं उदाहरण आज बघू. लिनक्सच्या टीसीपीमधली ही चूक २००९ साली दुरुस्त झाली.

लक्षण असं. एखादा सर्व्हर ‘पोल’ किंवा ‘सिलेक्ट’ करून डेटाची वाट बघतोय. पॅकेट येतं, टीसीपी ते नोंदवतो, तरी प्रोग्राम झोपलेलाच. पुढचं पॅकेट आलं की तो जागा होतो आणि कुणाला काही कळत नाही. पण समोरचं यंत्र उत्तरासाठी थांबलं असेल, तर पुढचं पॅकेट येणार कुठून? दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

दोन कोअर, चार पावलं

पहिल्या कोअरवर प्रोग्राम आहे. तो (१) वाट बघणाऱ्यांच्या रांगेत आपलं नाव घालतो, (२) नवा डेटा आलाय का ते तपासतो आणि नसेल तर झोपतो. दुसऱ्या कोअरवर पॅकेट आलंय. तो (१) ‘इथपर्यंतचे बाइट मिळाले’ हा आकडा पुढे सरकवतो, (२) रांगेत कुणी आहे का ते बघतो. रांग रिकामी दिसली तर कुणाला उठवायच्या भानगडीत पडत नाही.

कागदावर हे चोख आहे. दोघंही आधी लिहितात आणि मग दुसऱ्याचं वाचतात. त्यामुळे निदान एकाला तरी दुसऱ्याचं लिखाण दिसायलाच हवं. प्रत्यक्षात दोघांनाही जुनंच दिसू शकतं, कारण प्रोसेसर लिहिलेलं लगेच सगळ्यांसमोर ठेवत नाही. प्रत्येक कोअरला स्वतःचा स्टोअर बफर असतो. तो पेढीवरच्या कच्च्या वहीसारखा : नोंद आधी तिथे होते, खतावणीत सवडीनं उतरते. लिहिणाऱ्याला स्वतःची नोंद दिसते, पण पलीकडचा फक्त खतावणी बघतो. पहिल्याचं नाव त्याच्या कच्च्या वहीत, दुसऱ्याचा आकडा त्याच्या कच्च्या वहीत, आणि दोघंही खतावणी उघडून म्हणतात, ‘काहीच नाही’. एक झोपतो, दुसरा त्याला उठवत नाही.

एक्स८६ प्रोसेसर क्रमाच्या बाबतीत कडक समजले जातात, आणि ते खरंही आहे. साध्या मेमरीवर ते दोन लेखनांची किंवा दोन वाचनांची अदलाबदल दिसू देत नाहीत. पण आधीचं लेखन मागे ठेवून नंतरचं वाचन पुढे काढण्याची मुभा त्यांनाही असते. इथे नेमकी तीच नडली.

मग कुणी विचारेल, रांगेत नाव घालताना रांगेचं लॉक घेतलेलं असतं, त्याचं काय? लॉक सोडताना एवढीच हमी मिळते, की आतली कामं लॉक सुटल्यानंतर झालेली दिसणार नाहीत. पुढचं वाचन त्याआधीच उरकलं जाऊ नये, याची हमी त्यात नाही. एक्स८६वर लॉक सोडणं हे बहुधा एक साधं लेखनच असतं, आणि तेही बफरमध्ये पडून राहू शकतं.

दुरुस्ती जोडीनं

उपाय म्हणजे दोन्हीकडे पूर्ण मेमरी बॅरियर : माझं लिखाण सगळ्यांना दिसेपर्यंत पुढचं वाचन करायचं नाही. एका बाजूला तो रांगेत नाव घालणं आणि डेटा तपासणं यांच्या मध्ये बसला, दुसऱ्या बाजूला आकडा सरकवणं आणि रांग बघणं यांच्या मध्ये. एकाच बाजूला लावून भागत नाही, कारण दुसरी बाजू मोकळी असेल तर तोच घोळ शिल्लक राहतो. म्हणूनच प्रत्येक बॅरियरशेजारी त्याचा जोडीदार कुठे आहे ते टिपणीत लिहायची कर्नलमध्ये शिस्त आहे. या चुकीची सगळी हकिगत सॉकेटच्या हेडर फाइलमध्ये, दोन कोअरचे दोन रकाने पाडून, टिपणी म्हणून लिहून ठेवली आहे.

याला पुढे एक शेपूट आहे. पॅकेट घेणाऱ्या वाटेवर तेव्हा एक लॉक होतं, आणि एक्स८६वर लॉक घेणं हाच पूर्ण बॅरियर असतो. म्हणून तिथे दुहेरी खर्च नको, अशी खास सोय करण्यात आली. पुढच्याच वर्षी, २०१०मध्ये, त्या लॉकच्या जागी आरसीयू आलं. आरसीयूनं वाचणाऱ्याला लॉक लागत नाही आणि बॅरियरही मिळत नाही. फुकटचा बॅरियर गेला, तेव्हा पूर्ण बॅरियर तिथे उघडपणे लिहावा लागला. लॉक काढणाऱ्यानं ते लॉक काय राखत होतं एवढंच नव्हे, तर कोणता क्रम नकळत सांभाळत होतं, हेही बघायला हवं.

अशी चूक चाचणीत सापडणं दुर्मीळच. मध्ये छपाईची एखादी ओळ टाकून पाहावं, तर वेळेचं गणित बदलतं आणि चूक गायब होते. त्यामुळे ती तर्कानं पकडावी लागते. चार पावलांचा छोटा नमुना लिहायचा आणि ‘दोघांनाही जुनंच दिसलं’ ही शक्यता उरते का ते तपासायचं. हे काम आता हर्ड७ नावाचं साधन करतं. त्याला लागणारं लिनक्सचं अधिकृत मेमरी मॉडेल २०१८पासून कर्नलच्या कोडसोबतच मिळतं. बॅरियर नसताना ते म्हणतं, शक्य आहे. एका बाजूला घाला, तरीही शक्य. दोन्हीकडे घातले की उत्तर येतं, कधीच नाही.

बॅरियर घालण्याआधी कोणतं लेखन आणि कोणतं वाचन क्रमात हवं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर घातलेला बॅरियर म्हणजे निव्वळ खर्च आहे.

पुढच्या आठवड्यात : एक्स८६वर बिनतक्रार चालणारा रिंग बफर आर्मवर का घसरतो, आणि तिथे पूर्ण बॅरियरपेक्षा स्वस्तात कसं भागतं.