पाटील आडनावाच्या घरात पाटीलकी होतीच असं नाही

अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये नावांच्या पाटीवर एखादा तरी ‘पाटील’ असतोच, आणि तो वाचणारा मनातल्या मनात दोन गोष्टी ठरवून टाकतो: घर मराठ्यांचं आहे आणि पूर्वज गावचे पाटील होते. दोन्ही अंदाज चुकू शकतात. याच पट्ट्यात पाटील आगरी आहेत, कुणबी आहेत, मराठाही आहेत. खानदेशात ते लेवा आहेत, दक्षिणेकडे लिंगायत आणि जैन. हुद्द्यावरून पडलेलं आडनाव फार तर एवढंच सांगतं, की कधी काळी त्या कुळातल्या कुणाकडे तरी ते काम होतं.

पाटीलकी ही जात नव्हती, वतन होतं. सारा गोळा करायचा, गावाचा बंदोबस्त पाहायचा आणि त्याबदल्यात इनाम जमीन, हक्क नि मानपान घ्यायचे. वतन म्हटलं की त्याच्या वाटण्या आल्या आणि विक्रीही आली. निम्मी पाटीलकी विकल्याचे व्यवहार मराठेशाहीच्या कागदपत्रांत सापडतात. ‘एका गावाला पाटील एक, मग एवढे पाटील आले कुठून?’ ही शंका म्हणून रास्त असली तरी तिचं उत्तर सोपं आहे. काम एकाच्या हाती असे, नाव मात्र सगळी भावकी लावी. मुंबई इलाख्याच्या 1874च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानं तर हा भेद कागदावरच आणला: प्रत्यक्ष काम करणारा तो प्रतिनिधी वतनदार, बाकीचे नुसते वतनदार. पुढे 1950च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली, गावचं दप्तर तलाठ्याकडे आलं आणि 1962च्या कायद्यानं मुलकी पाटीलही संपला. हुद्दे गेले, आडनावं शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर राहिली. आज पोलीस पाटील नेमला जातो तो 1967च्या कायद्याखाली, आणि त्याचं आडनाव काहीही असू शकतं.

उलट्या बाजूचे दाखले अधिक बोलके आहेत. श्रीवर्धनच्या भटांकडे देशमुखी होती. त्या घरात पेशवे झाले, पण मूळ आडनाव भटच राहिलं. लोकहितवादींचं घराणं मूळचं सिद्धये. देशमुखीच्या वतनामुळे ते देशमुख झाले, जातीनं चित्पावन ब्राह्मण असूनही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे चित्रे, पण वंशजांना ओळख मिळाली ती चिटणीस म्हणून. जोतीरावांचं घराणं गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायानं ते फुले केलं. म्हणजे तोच हुद्दा एका घरात आडनाव झाला आणि दुसऱ्यात झाला नाही.

यावर लोहार, सुतार, कुंभार यांकडे बोट दाखवलं जातं. पण बलुतेदारीत धंदा आणि जात यांना एकच नाव होतं, म्हणून तिथे आडनावातून जात कळते. पाटील, देशमुख, चिटणीस यांना ते लागू होत नाही. देशमुख तर मुसलमानही आहेत. ‘लग्नाच्या बैठकीत आडनावावरून कळतंच की’ हा दावाही तितका खरा नाही. कळत असतं, तर ‘गाव कोणतं, कूळ कोणतं’ हे प्रश्न लगेच का यावेत?

हा घोळ आपलाच आहे असं मात्र नाही. जर्मन ‘शुल्त्स’ म्हणजे गावचा कारभारी, जवळजवळ आपला पाटीलच. ‘मायर’ हा जमीनदाराच्या शेतीचा कारभारी. पण प्रशियातल्या ज्यूंना 1812च्या फर्मानानं कायमची आडनावं घ्यावी लागली, आणि अनेक ज्यू घराण्यांत ‘मायर’ हे ‘मेइर’ या हिब्रू नावावरून आलं. त्या घरांचा जमीनदारीच्या कारभाराशी काडीचा संबंध नव्हता.

उल्हासनगरात गैरसमजाची दिशा बदलते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वस्तीला हे नाव मिळालं. तिथल्या ‘-आणी’वाल्या आडनावांना बाहेरचे लोक व्यापाराचा शिक्का समजतात. प्रत्यक्षात ही आडनावं पूर्वजाच्या नावावरून पडलेली आहेत: मीरचंदचे ते मीरचंदाणी, कृपालचे ते कृपलाणी. दरबारी नोकरी करणारे आमिल आणि व्यापार करणारे भाईबंद, दोघांच्याही आडनावाचा शेवट तोच. धंद्याचा माग काढायचा तर आडनाव बाजूला ठेवून ‘घराणं आमिल की भाईबंद’ हे विचारावं लागतं. आणि ‘-आणी’ म्हणजे सिंधीच, हेही खरं नाही. अंबानी गुजराती आहेत.