वजनाचे इंजेक्शन आणि लोकांची तोंडे

एकादशीचा दिवस. दुपारी दीडच्या सुमारास मुदखेडमधल्या एका शिक्षिकाबाईंना ऑटोत घालून दवाखान्यात आणले. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, विचारावे एक तर उत्तर भलतेच येत होते. सोबत सासूबाई आणि नणंद. सासूबाई म्हणाल्या, "उपास कडक धरला, त्यात ऊन लागलं." बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली. ती ५२ भरली. बाईंना गिळता येत होते, म्हणून लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. साखर वर आली, बाई नीट बोलू लागल्या.

या बाई माझ्याकडे सहा वर्षांपासून येतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी बरीच वर्षे चालू आहे. एकादशीला काय करायचे, गोळी कधी घ्यायची, हे त्यांना पाठ आहे. मग आजच असे का झाले? बाकीच्यांना बाहेर बसवून विचारले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तीन महिने झाले, मी नांदेडला जाऊन वजनाचं इंजेक्शन घेते. घरी कुणाला माहीत नाही. ताकदीचं इंजेक्शन आहे म्हणून सांगितलंय."

"मला का नाही सांगितले?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तोंडावर ताबा ठेवा, सगळं होईल. इंजेक्शन म्हटलं असतं तर तुम्हीसुद्धा हसला असता."

हे उत्तर मला लागले, कारण ते खरे होते. बाईंच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून, ही हकिगत येथे दिली आहे. वजनाच्या इंजेक्शनांविषयी हल्ली रोज कोणी ना कोणी विचारते. औषधाची माहिती तर घेऊच. पण त्याच्याभोवती जी लाज आहे, तिच्यामुळे काय घडते तेही पाहू.

हे औषध आहे तरी काय?

आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरते. शास्त्रीय नाव जीएलपी-१. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठरातले अन्न सावकाश पुढे सरकवते आणि मेंदूला "पोट भरले" असा निरोप देते. पण हा निरोप्या फार अल्पायुषी असतो. काही मिनिटांत तो नाहीसा होतो.

अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा, आपल्या घोरपडीची आठवण यावी असा एक विषारी सरडा आहे. त्याच्या विषात या संप्रेरकासारखाच, पण जास्त वेळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनवलेले पहिले औषध अमेरिकेत २००५ मध्ये मधुमेहासाठी आले. पुढे आठवडाभर टिकणारी औषधे निघाली. त्यांतले एक सेमाग्लुटाइड. दुसरे टिरझेपेटाइड, ते अशा दोन संप्रेरकांचे काम करते. भारतात टिरझेपेटाइड मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' या नावाने आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये 'वेगोव्ही' या नावाने. आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक सुईने घ्यायचे.

गुण किती येतो? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. ज्यांना नुसते पाण्यासारखे इंजेक्शन दिले होते, त्यांचे अडीच टक्क्यांच्या आसपास. दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचा सल्ला सारखाच होता. २०२२ च्या चाचणीत टिरझेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के घट दिसली. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे सरासरीने १२ ते १७ किलो.

"तोंड आवरत नाही म्हणून सुई"

हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. आहार आणि चालणे यांचे महत्त्व मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. दिवसातून दोनदाच जेवा आणि ४५ मिनिटे चाला, हा डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर आधारलेला मार्ग आपल्याच लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवला. अनेकांनी तो पाळला. पण ज्यांना तो पेलला नाही किंवा पाळूनही वजन परत आले, त्यांच्यावर आपण लगेच 'आळशी', 'खादाड' असा शिक्का मारतो. तो अन्याय आहे.

ऑस्ट्रेलियातील एका संशोधनाची हकिगत सांगतो. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. लठ्ठ माणसांचे वजन कडक आहाराने उतरवले आणि मग वर्षभर त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरके मोजली. वर्ष उलटून गेले तरी भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि पोट भरल्याचे सांगणारी उतरलेलीच होती. शरीराला वजन उतरणे म्हणजे दुष्काळ वाटतो आणि ते गेलेले परत मिळवायला झटते. त्या भुकेशी माणूस रोज, तिन्ही त्रिकाळ झगडत असतो. शेजारच्याला ते दिसत नाही, त्याला फक्त ताटातली दुसरी भाकरी दिसते.

नुसत्या नजरेने पारख करणे किती फसवे असते, याचे उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, वजनांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला किडकिडीत असलो तरी आत, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो. म्हणून कमी वजनातही मधुमेह आपल्याला गाठतो. कोण किती खातो, कोण किती जाड, यावरून लावलेले निकाल पुष्कळदा चुकतात.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये?

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की वजनांक मिळतो. साधारणपणे वजनांक ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल, तर हे औषध सुचवतात. पाच फूट उंचीच्या बाईंच्या बाबतीत हे आकडे अंदाजे ७० आणि ६३ किलो होतात. लग्नाच्या आधी चार किलो उतरवायचे म्हणून हे औषध नव्हे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिरझेपेटाइडमुळे संततिनियमनाच्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा दुसरे साधन डॉक्टरांना विचारून घ्यावे. थायरॉइडच्या मेड्युलरी नावाच्या कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल तर हे औषध देत नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर तेही आधी सांगावे.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ किंवा जुलाब हे नेहमीचे त्रास. मात्रा हळूहळू वाढवली तर ते सुसह्य होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य, पाठीकडे जाणारी कळ आली तर पुढची सुई न घेता डॉक्टरांकडे जावे. वजनाबरोबर स्नायूही झडतात. म्हणून वरण, मटकी, हरभरा, दही, चालत असल्यास अंडी रोजच्या जेवणात हवीत आणि उठाबशांसारखा जोर लावणारा व्यायामही हवा.

आणखी एक गोष्ट सुरू करण्यापूर्वीच जाणून घ्या. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. लोक म्हणतात, "बघा, सोडलं की परत जैसे थे." खरे आहे. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाबही चढतो. तिला मात्र कोणी पळवाट म्हणत नाही.

लपवल्याने काय होते?

शिक्षिकाबाईंचे काय झाले ते आता नीट लक्षात येईल. एकट्या या इंजेक्शनाने साखर सहसा फार खाली जात नाही. पण सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर त्यांची मात्रा पुष्कळदा कमी करावी लागते. नांदेडच्या डॉक्टरांना बाईंनी गोळीचे नाव सांगितले नाही, कारण जुने कागद माझ्याकडे होते आणि ते मागायची त्यांना लाज वाटली. मी इंजेक्शन ठाऊक नसल्याने गोळी तशीच चालू ठेवली. भूक मेलेली, त्यात एकादशी. औषध तेच, गोळी तीच. दोघांची गाठ कोणाला ठाऊक नव्हती, एवढीच चूक.

दुसरा धोका शस्त्रक्रियेचा. या औषधाने अन्न जठरात जास्त वेळ राहते. भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. रात्रीपासून उपाशी आहे एवढे सांगून भागत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनाची माहिती आधीच हवी.

तिसरा धोका चोरून विकत घेण्याचा. चारचौघांत नको म्हणून माणूस ओळखीच्या ओळखीतून, बिलाशिवाय माल घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल सगळ्या देशांना सावध केले होते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाचे पक्के बिल यांशिवाय ही सुई घेऊ नका. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठले तर टाकून द्यायचे. आपल्याकडच्या मे महिन्यात नांदेडहून येताना ते पर्समध्ये नव्हे, थंड पिशवीत आणावे. लपवायचे म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवलेले पेन उन्हाळ्यात निकामी झाले, तर पैसे पाण्यात जातात. आणि ते पैसे थोडे नाहीत. २०२५ मध्ये ही औषधे आली तेव्हा सुरुवातीच्या मात्रेचाच महिन्याचा खर्च चौदा-सतरा हजारांच्या घरात होता. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. पेटंट संपले की देशी कंपन्यांना तेच औषध स्वस्तात करता येते. स्वस्त झाले की घेणारे वाढतात, म्हणून हे लिहितो आहे.

कोणाला सांगावे, कोणाला नाही?

सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. आपला आजार ही आपली खासगी बाब आहे. पण चार ठिकाणी मात्र लपवू नये : इंजेक्शन देणारे डॉक्टर, नेहमीचे डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे व भूल देणारे डॉक्टर, आणि घरातले निदान एक जबाबदार माणूस. त्या माणसाला साखर उतरल्याची लक्षणे ठाऊक हवीत : घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे. शुद्ध असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

बाकीच्यांसाठी एक वाक्य पुरे. आपल्याकडे जाड असले तर "खात्यापित्या घरच्या" म्हणून हसतात आणि उतरले तर "लई वाळल्यात बाई, काही लागलं की काय?" म्हणून घाबरवतात. त्यावर शांतपणे म्हणावे, "डॉक्टरांच्या औषधानं वजन उतरवतेय, तब्येत चांगली आहे." पुढच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन नाही.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? पंगतीत आग्रह थोडा आवरावा. या औषधावर असलेल्या माणसाला दुसरी पुरणपोळी वाढली, तर तिची रात्र उलट्यांत जाते. "नको" म्हटले की ते खरे मानावे. कोणी बारीक दिसले तर कारण विचारू नये. कसे आहात, एवढे विचारावे. मी डॉक्टर म्हणून एक धडा घेतला आहे. "तोंडावर ताबा ठेवा" हे वाक्य मी सोडून दिले. त्याऐवजी विचारतो, "आजवर काय काय करून पाहिलंत?" पुष्कळ जण मग पहिल्यांदाच मोकळे बोलतात.

त्या दिवशी बाईंनी नणंदेला आत बोलावले आणि माझ्यासमोरच सगळे सांगितले. नणंदबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, इतके दिवस मला वाटत होतं तुम्हाला कसला मोठा आजार झालाय. भीतीनं विचारलं नाही." दोघींच्या दोन भीती, एका घरात, तीन महिने. आता गोळी कमी केली आहे, नांदेडच्या डॉक्टरांशी माझे बोलणे झाले आहे. दर रविवारी सुईची आठवण नणंदबाईच करतात. पेन फ्रिजमध्ये, दुधाच्या भांड्याशेजारी, उघड्यावर असते.