विष गोगलगायीला मारत नाही, तिच्या शत्रूला मारते

शेतातले कीटकनाशक वाहत तळ्यात आले की तिथल्या गोगलगायी मरतील आणि त्यांच्यामुळे पसरणारा रोगही हटेल, असे पुष्कळांना वाटते. आफ्रिकेतला अनुभव नेमका उलटा आहे.

रोगाचे नाव शिस्टोसोमियासिस, जुने नाव बिलहार्झिया. २०२१ मध्ये जगभरात २५ कोटींहून अधिक लोकांना त्यावरच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती. हा रोग पाणी प्यायल्याने होतो, हा दुसरा गैरसमज. रुग्णाच्या लघवी-शौचातून अंडी पाण्यात जातात, त्यांतली अळी गोगलगायीत शिरून वाढते आणि एकेका गोगलगायीतून हजारो सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात. त्या थेट कातडीतून माणसात शिरतात. त्यामुळे कपडे धुणारी बाई असो की डुंबणारे पोर, पाणी उकळून प्यायले तरी धोका टळत नाही.

आता कीटकनाशकाकडे वळू. क्लोरपायरिफॉस कीटकांसाठी बनवलेले, म्हणून कीटकांच्याच गोतातले झिंगे, खेकडे आणि पाणकिडे त्याने आधी मरतात. गोगलगायींना खाणारे हेच! गोगलगाय मात्र तेवढ्या विषात तगून राहते. ॲट्राझिन हे तणनाशक पाण्यात तरंगणारे शेवाळ मारते, मग ऊन तळापर्यंत पोचते आणि तळाला चिकटलेले शेवाळ माजते. तेच गोगलगायीचे अन्न. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाक्यांमधल्या प्रयोगांत हे सारे दिसून आले.

‘प्रमाण मर्यादेत आहे, मग काळजी कशाला?’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. पश्चिम केनियातल्या ४८ पाणवठ्यांच्या अभ्यासात (२०२०) सुरक्षित मानलेल्या प्रमाणातही रोगवाहक गोगलगायींचे फावले, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे जीव ते विष सोसू शकले नाहीत.

शत्रू नाहीसा झाला की काय होते, ते सेनेगलने भोगले आहे. १९८६ मध्ये दियामा धरण झाले आणि खाऱ्या पाण्याकडे जाऊन वीण घालणाऱ्या झिंग्यांची वाट अडली. धरणाने गोगलगायींना सोयीचे गोडे पाणीही वर्षभर साठले. तिथल्या रिशार-तोल परिसरात रोगाची मोठी साथ उसळली. प्राझिक्वांटेल या औषधाने रुग्ण बरा होतो, पण त्याच पाण्यात उतरला की पुन्हा लागण होते. पुढे झिंगे पुन्हा सोडून पाहिले, तिथे लागण झालेल्या गोगलगायी घटल्या.

हा रोग आपल्याकडे कधीच नव्हता असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ मध्ये त्याची नोंद झाली होती. म्हणून शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती: फवारणीचा पंप ओढ्यात विसळू नका, उरलेले औषध पाण्यात ओतू नका.