उकिरड्याची ऊब आणि तांब्याचे धातुक

थंडीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडील गावांत सकाळी उकिरडा उकरला, की त्यातून वाफ निघते. चांगल्या रचलेल्या ढिगात मधोमध तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. शेण-पालापाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीवच ही उष्णता निर्माण करतात. ती वाढली, की त्यांतील बरेच मागे पडतात आणि उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव पुढचे काम हाती घेतात. हेच तत्त्व धातुकातून तांबे काढण्यासाठी वापरता येते.

महाराष्ट्राच्या सीमेलगत बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथील मुख्य खनिज चॅल्कोपायराइट. त्यात तांबे, लोह व गंधक एकत्र असतात. शंभर किलो दगडातून तांबे मिळते जेमतेम एक किलो. याहूनही हलके धातुक नेहमीच्या पद्धतीने भट्टीपर्यंत नेणे परवडत नाही.

अशा वेळी सूक्ष्मजीव उपयोगी पडतात. आम्लातील फेरिक लोह खनिजावर क्रिया करून तांबे विरघळवते आणि स्वतः फेरस होते. सूक्ष्मजीव फेरसचे पुन्हा फेरिक करतात, तर गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात. यातूनच त्यांना ऊर्जा मिळते.

मात्र ३० अंशांच्या आसपास चॅल्कोपायराइटच्या कणांवर थर जमतो व क्रिया मंदावते. ६५ ते ८० अंशांना ती वेगाने होते. पण तेथे नेहमीचे ॲसिडिथायोबॅसिलस टिकत नाहीत. टिकतात ते सल्फोलोबससारखे जीव. अमेरिकेतील यलोस्टोनच्या आम्लयुक्त उष्ण झऱ्यांतून टॉमस ब्रॉक व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यांचे वर्णन केले. चिलीतील चुकिकामाता येथे या शतकाच्या पहिल्या दशकात अशा जीवांच्या साहाय्याने, सुमारे ७८ अंशांना, टाक्यांमध्ये तांबे विरघळवण्यात आले.

मग शहापूरहून जवळच असलेल्या अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांतील जीव हे काम करतील का? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतील. त्या पाण्यात उष्णता आहे; पण ते आम्लधर्मी नाही. सल्फोलोबसला उष्णता आणि तीव्र आम्ल, दोन्ही लागतात. केवळ गरम पाणी पुरेसे नाही.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. ओलसर शेण व पाचोळ्याचा कमरेएवढा ढीग रचा. पंधरा दिवस रोज एकाच वेळी आतील व बाहेरील तापमान मोजा आणि आलेख काढा. ढीग कोण तापवते, हे आलेखच सांगेल.